दोनच बंदुका

कोरीनचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून सामन मासा साफ करत होते. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून फोन मान वाकडी करून खांद्यात दाबून धरला. कोरीन आमची वैमानिक. पाण्यावर उतरणारं तिचं पिवळं विमान सप्टेंबरात शिकाऱ्यांना आखातापलीकडच्या तळ्यांवर सोडतं आणि काही दिवसांनी मांसासकट उचलून आणतं. कामाच्या पलीकडे ती शब्द खर्च करत नाही.

"लव्हॉन, तुम्ही तिघं आणि मारणार एकच मूस, बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर. मूस म्हणजे घोड्याहून थोराड, रुंद शिंगांचं हरीण; एकात दोन घरांचा अख्खा हिवाळा निघतो, तीन मारून ठेवायचे कुठे?

"मग तीन बंदुका कशाला? दोनच आणा. तेवढं वजन मला मांसासाठी हवंय."

एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि आमच्या सबंध उन्हाळ्याचं वाटोळं झालं.

वेंडेल माझा नवरा. रस्त्याच्या कामावरची अवजड यंत्रं दुरुस्त करतो. माणूस एवढा आडदांड की दुसऱ्यांच्या घरात शिरताना सवयीने मान खाली घालतो. हार्लन त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि आमचा शेजारी. तो नळकाम करतो. हिवाळ्यात घरांच्या जमिनीखाली सरपटत जाऊन गोठलेल्या नळ्या वितळवायच्या तर त्याच्याइतका चिपाड माणूस साऱ्या सोल्डोटना गावात दुसरा नाही. बायको सोडून गेल्यापासून तो रात्रीचं जेवण आमच्याकडे जेवतो आणि जेवणाच्या बदल्यात वेंडेलशी भांडतो.

बंदुका तीन होत्या. वेंडेलची थ्री-थर्टी-एट मॅग्नम, गेल्या हिवाळ्यात घेतलेली, अजून तेलाचा वास जाईना अशी. तिचं काडतूस माझ्या मधल्या बोटाएवढं लांब आणि अंगठ्याएवढं जाड. हार्लनची टू-सेव्हन्टी, बारीक, हलकी, दस्त्यावरचं पॉलिश कधीच उडालेलं. आणि माझी थर्टी-ऑट-सिक्स, जी या देशात दर दुसऱ्या घरात असते आणि म्हणूनच तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. तिघींतल्या दोन निवडायच्या होत्या.

कोरीनचं म्हणणं मी जेवताना सांगितलं. हार्लनने काटा खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाला की मग प्रश्नच नाही, एक त्याची आणि एक लव्हॉनची. वेंडेलची तोफ घरी राहील.

वेंडेल म्हणाला, "त्या तळ्यावर अस्वलं आहेत. तुझ्या त्या शिवणाच्या सुईने अस्वल फार तर हसेल."

"मूसला बंदुकीवरचे नंबर वाचता येत नाहीत, वेंडेल. किती जाड गोळी लागली हे त्याला कळत नाही. कुठे लागली तेवढंच कळतं. तुझ्या गोळीत आणि माझ्या गोळीत दोन नखांच्या जाडीचाही फरक नाही."

"वजनात दुप्पट फरक आहे."

"तुझ्या-माझ्यातही आहे. काम कोण जास्त करतं?"

हे असं रोज. हार्लन येताना दुकानातून काडतुसांची पत्रकं घेऊन यायचा, गोळी किती अंतरावर किती खाली येते ते वाचून दाखवायचा, आणि वेंडेल मोठमोठ्याने भाजी चावत ती न ऐकल्यासारखं करायचा. मग वेंडेल हाडाचा विषय काढायचा. मूसच्या खांद्याचं हाड किती जाड असतं, त्यातून पार जायला गोळीत काय दम लागतो. मला दोघांचंही पटायचं आणि मी दोघांनाही ते सांगितलं नाही.

पण वेंडेलने मॅग्नम का घेतली ते मला ठाऊक होतं, आणि हार्लनलाही. म्हणून हार्लनच्या थट्टेला एक कुंपण होतं. त्या कुंपणापलीकडे तो कधी जात नसे.

मॅग्नम घेतली त्याच्या आदल्या शरदात वेंडेलने एका मोठ्या नरावर गोळी झाडली होती. तेव्हा त्याच्याकडेही माझ्यासारखीच थर्टी-ऑट-सिक्स होती. अंतर फार नव्हतं, पण नर जरा स्थिर व्हायची वाट त्याने पाहिली नाही. नर दचकला, वळला आणि झुडपांत शिरला. आम्ही रक्ताचे थेंब शोधत गेलो, थेंब विरळ होत गेले, मग पाऊस आला. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी वेंडेल एकटा गेला. नर सापडला नाही. आमच्याकडे मांस वाया जाणं ही साधी गोष्ट नाही, आणि जखमी जनावर मागे सोडून येणं तर त्याहून नाही. वेंडेल घरी आला, बूट काढले आणि कितीतरी दिवस नीट जेवला नाही. शेवटी म्हणाला की बंदूकच लहान पडली. ती त्याने भाच्याला देऊन टाकली आणि मॅग्नम आणली. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

गावाबाहेर खडीची जुनी खाण आहे. सगळं गाव तिथेच नेमबाजी करतं. जुलैतल्या एका रविवारी आम्ही तिघं तिन्ही बंदुका घेऊन गेलो. ठरलं असं की शंभर पावलांवर कागदी ताटल्या लावायच्या आणि ज्या दोन बंदुका नीट मारतील त्या न्यायच्या. मूसच्या छातीत नेमाची जागा ताटलीहून मोठी असते, म्हणून ताटलीत बसली की पुरे.

हार्लनच्या सगळ्या गोळ्यांची भोकं ताटलीत पडली, थोडी इकडे-तिकडे, पण आत. माझंही तसंच. वेंडेल बाकावर बसला, वाळूच्या पिशवीवर मॅग्नम टेकवली आणि चाप ओढला. आवाज असा की खाणीतले कावळे उडून गेले. ताटली कोरी. दुसरी गोळी ताटलीखालच्या खडीत. तिसरी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही.

वेंडेल म्हणाला, बंदुकीवरची नेमाची दुर्बीण सैल झालीय. त्याने स्क्रू आवळले. मग काडतुसांची दुसरी पेटी उघडली. मग बाकच हलतोय म्हणाला आणि एका पायाखाली दगड सरकवला. हार्लन मागे बसून सँडविच खात होता. त्याने एवढंच विचारलं की जमीन हलत नाहीये ना, कारण या भागात तेही होतं.

मी ताटलीकडे बघणं सोडून दिलं होतं. मी वेंडेलच्या चेहऱ्याकडे बघत होते. चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे मिटत होते. लहान मुलाला सुई टोचायच्या आधी ते जसं तोंड आवळतं, तसं त्याचं सगळं तोंड आवळत होतं.

त्याला तोंडाने सांगून पटलं नसतं. मी म्हटलं, "तू उठबस करू नकोस, मी भरून देते, तू फक्त नेम धर." एकदा खरं काडतूस भरून दिलं. त्याने उडवलं. दुसऱ्या वेळी मी त्याच्याकडे पाठ करून एक आधीच उडालेलं रिकामं काडतूस आत सरकवलं, बोल्टचा दांडा ढकलून बंद केला आणि बंदूक त्याच्या हातात दिली.

त्याने नेम धरला. चाप ओढला. फक्त कट्ट असा आवाज झाला. पण बंदुकीची नळी वीतभर खाली गेली, खांदा पुढे आपटला, वाळूची पिशवी सरकली. न झालेल्या धक्क्याला तो पुरा माणूस आतून तोंड देत होता.

सगळं स्वच्छ दिसलं. हार्लनचा घास तोंडातच थांबला.

वेंडेलने बंदूक हळूच बाकावर ठेवली. उठला, ट्रकपर्यंत गेला आणि आमच्याकडे पाठ करून मागच्या फळीवर बसला. त्याची मान लाल झाली होती. मला वाटलं, झालं, आता हा मूसला येत नाही आणि माझ्याशी हिवाळ्यापर्यंत बोलत नाही. आणि हार्लन आता काहीतरी बोलणार, आणि ते या दोघांचं शेवटचं बोलणं ठरणार.

हार्लनने सँडविच कागदात गुंडाळलं. बाकावर येऊन बसला आणि आपली टू-सेव्हन्टी माझ्याकडे ढकलली.

"माझी भर. खरं की रिकामं ते सांगू नकोस."

मी एक खरं दिलं, ते ताटलीत बसलं. दुसरंही खरं. तिसऱ्याला रिकामं. कट्ट. नळी खाली गेली. वेंडेलइतकी नाही, पण चांगली चार बोटं. हार्लन बंदुकीकडे बघत राहिला. गेली वीसेक वर्षं तो स्वतःला या खोऱ्यातला पहिल्या नंबरचा नेमबाज समजत होता.

"हे काय झालं?" तो म्हणाला.

"तेच झालं," मी म्हटलं.

वेंडेल खांद्यावरून मागे वळून बघत होता. तो उतरून परत आला, हार्लनच्या मागे हात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "परत कर. मला दिसलं नाही." हार्लनने परत केलं. नळी परत खाली गेली. वेंडेल हसला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं हसणं. मग दोघांनी मिळून मला बाकावर बसवलं, आणि मी डोळे मिटते असं दोघांनी शपथेवर सांगितलं. मला अजूनही ते मान्य नाही, पण दोन विरुद्ध एक.

घरी येताना हार्लन मागे बंदुकांबरोबर बसला होता आणि आम्ही दोघं पुढे, गाडी मी चालवत होते. नदीवरचा पूल आला. तो ओलांडल्यावर वेंडेल समोर बघतच म्हणाला,

"त्या मूसच्या वेळीही असंच झालं असणार."

मी पुढच्या वळणाला वेग कमी केला.

"बंदूक लहान नव्हती, लव्हॉन."

"नव्हती."

"मग मी अख्खा हिवाळा त्या बंदुकीला शिव्या घातल्या त्या कुणाला?"

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो म्हणाला की तो हात गिअरवर ठेव, चढ येतोय. म्हणजे आता हा बरा आहे, हे मला कळलं.

त्यानंतर आमच्या अंगणात रोज संध्याकाळी एक वेगळाच कार्यक्रम सुरू झाला. आमच्याकडे जुलैत सूर्य मावळायचं नाव घेत नाही, त्यामुळे जेवण झाल्यावरही लख्ख उजेड असे. दोन मोठी माणसं रिकाम्या बंदुका घेऊन कुंपणावरच्या डब्यावर नेम धरायची आणि चाप ओढायची. कट्ट. कट्ट. हार्लनने नळीच्या टोकावर एक नाणं ठेवायची युक्ती काढली. चाप ओढल्यावर नाणं पडलं नाही तर हात स्थिर. सुरुवातीला ते नाणं गवतात शोधण्यातच वेळ जाई. शेजारची बाई एकदा कुंपणापाशी येऊन विचारून गेली की सगळं ठीक आहे ना. वेंडेल म्हणाला, आम्ही न दचकायचा सराव करतोय. ती बरं म्हणाली आणि तेव्हापासून कुंपणापाशी आली नाही.

रविवारी खाणीत जायचो. एकमेकांच्या बंदुका भरून द्यायच्या, खरं की रिकामं ते सांगायचं नाही, हा नियम झाला. ऑगस्ट लागेपर्यंत हार्लनची नळी हलायची थांबली. माझीही थांबली, म्हणजे मुळात हलत असेल तर. वेंडेल माझ्या थर्टी-ऑट-सिक्सने सगळ्या गोळ्या ताटलीच्या मधोमध बसवू लागला. पण मॅग्नम हातात घेतली की दोन बार बरे जायचे आणि तिसऱ्याला डोळे मिटायचे. त्याने जिद्द सोडली नाही, खांदा काळानिळा करून घेतला, मी रोज बर्फ लावला.

एका रविवारी त्याने मॅग्नमचे तीन बार केले, ताटली जवळ जाऊन पाहिली, परत आला आणि बंदूक पिशवीत घातली. तेवढंच. संध्याकाळी मी भांडी घासत होते तेव्हा टॉवेल घेऊन शेजारी आला.

"मूससाठी तुझी बंदूक मी नेली तर?"

"आणि मी काय नेऊ?"

"तू बघ. आपल्या तिघांत डोळे तुझे चांगले आहेत. झुडपातला मूस तुला आधी दिसतो."

"म्हणजे मी हमाल."

"हमाल मीच. मागचा पाय कोण उचलणार, हार्लन?"

मी बंदूक दिली. पण एक अट घातली. माझ्या बंदुकीला त्याने शिव्या घालायच्या नाहीत, काहीही झालं तरी. तो म्हणाला, कबूल.

दुसरी बंदूक कुठली, यावर आता वाद उरायला नको होता, पण हार्लनने तो केलाच. अस्वलासाठी मॅग्नम न्यावी हे त्याला पटत होतं. मांसापाशी अस्वल आलं तर ते तीस पावलांवरून येतं, तिथे बारीक नेमाचं काम नसतं, दणका लागतो. पण ती उचलायची कुणी? वेंडेल माझी बंदूक घेणार, मी दुर्बीण आणि सामान घेणार. उरला हार्लन. ज्या तोफेची त्याने वर्षभर थट्टा केली ती आता त्याच्या खांद्यावरून जाणार होती. त्याने ती हातात घेऊन वजन करून पाहिलं आणि म्हणाला की हिला चाकं का नाही लावली.

सप्टेंबरात कोरीनने धक्क्यावरच्या काट्यावर आम्हाला सामानासकट तोललं. हार्लनचा कॉफीचा दुसरा डबा तिने बाहेर काढून ठेवला. बंदुका दोन आहेत हे पाहिलं आणि मान हलवली. आखात ओलांडून तिने आम्हाला एका लांबट तळ्यावर उतरवलं. कडेला बर्च पिवळे पडले होते आणि जमिनीवर लाल बेरी पिकल्या होत्या. त्या दिवशी शिकार करता येत नाही, विमानाने आलं त्या दिवशी बंदूक चालवायची नाही असा कायदा आहे. आम्ही तंबू ठोकला, पॅनकेक खाल्ले आणि हार्लनने एकाच डब्यातली कॉफी किती दिवस पुरेल याची काळजी केली.

पुढचे काही दिवस नुसता पाऊस आणि माद्या, ज्या मारायला परवानगी नाही. हार्लन रोज पहाटे विलोच्या झुडपावर जुन्या मूसच्या खांद्याचं हाड घासायचा, नर शिंगं घासतो तसा आवाज यायचा. मग नरासारखा घशातून हुंकार काढायचा. तो आवाज त्याला इतका छान जमायचा की वेंडेल म्हणाला, घरांच्या खाली सरपटताना शिकलास का.

मग एका सकाळी पाऊस थांबला, तळ्यावर धुकं होतं, आणि त्या धुक्यात मला एक काळा ठोकळा दिसला जो आदल्या दिवशी तिथे नव्हता. मी वेंडेलची बाही ओढली. धुकं जरा सरकलं. मोठा नर पोटापर्यंत पाण्यात उभा होता आणि डोकं बुडवून तळातलं गवत खात होता. डोकं वर काढलं की शिंगांवरून गवत लोंबायचं आणि पाणी गळायचं.

हार्लनने माझ्या दुर्बिणीतून शिंगाचे कपाळाजवळचे फाटे मोजले, कारण पुरेसे फाटे असलेलाच नर मारता येतो, आणि कुजबुजला की कायद्यात बसतोय. वेंडेलने आपली पाठपिशवी पडलेल्या झाडावर ठेवली, तिच्यावर माझी बंदूक टेकवली. अंतर खाणीतल्या ताटलीपेक्षा थोडंसंच जास्त. कुठल्याही बंदुकीला सोपं.

"पाण्यात आहे," वेंडेल म्हणाला.

"दिसतंय," हार्लन म्हणाला.

पाण्यात मारलेला मूस म्हणजे घोड्याहून जड धूड थंडगार पाण्यात. कंबरभर पाण्यात उभं राहून कापायचं, अर्धं मांस खराब व्हायचं, आणि एखादा माणूसही. म्हणून तो बाहेर येईपर्यंत थांबायचं. पण तो पलीकडच्या काठाने बाहेर आला तर गेला. वेंडेलचं बोट चापाजवळ गेलं. मला गेल्या शरदातला वेंडेल आठवला, जो थांबला नव्हता. त्याने श्वास सोडला, सुरक्षेचा खटका परत बंद केला आणि बोट बाजूला घेतलं.

आम्ही थांबलो. नर जेवत राहिला. एवढं सावकाश जेवणारा प्राणी मी पाहिला नाही, आणि मी हार्लनला रोज जेवताना पाहते. माझा पाय बधिर झाला. वेंडेलच्या नाकाच्या टोकावर थेंब लोंबत होता, त्याने तो पुसला नाही. एकदा नर पलीकडे वळला आणि चार पावलं गेला, आणि हार्लनने अगदी हळू, माशी गुणगुणावी तसा, घशातून हुंकार काढला. नराने कान फिरवले. वळला. आमच्या बाजूने काठाकडे चालू लागला, पाणी पोटाखाली गेलं, गुडघ्यांखाली गेलं, आणि तो काठावर येऊन कुत्र्यासारखा अंग झटकून आडवा उभा राहिला.

मी नराकडे बघत नव्हते. मी वेंडेलच्या चेहऱ्याकडे बघत होते. बार झाला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते.

नर काही पावलं चालला, थांबला, आणि दमल्यासारखा खाली बसला. मग एका कुशीवर झुकला. वेंडेलने लगेच दुसरं काडतूस आत घेतलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. जवळ गेलो तेव्हा त्याने बंदूक माझ्याकडे दिली आणि नराच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उकिडवा बसला. हार्लनने टोपी काढली आणि पलीकडे जाऊन चाकूला धार लावत बसला, जरी त्या चाकूला धार होती.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही फक्त ओझी वाहिली. मागचे पाय वेंडेलने नेले, बोलल्याप्रमाणे. रात्रीच्या जेवणाला बेकनच्या चरबीत कांदा आणि काळीज परतलं. हार्लनने तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि वादाला सुरुवात करायचीही विसरला.

दुसऱ्या दुपारी शेवटच्या फेरीला अस्वल आलं. वाऱ्याने त्याला बातमी दिली असणार. आम्ही बरगड्या बांधत होतो आणि ते आतड्यांच्या ढिगाच्या पलीकडे मागच्या पायांवर उभं राहिलं. हार्लनने मॅग्नम खांद्याला लावली. त्याचे हात स्थिर होते, आवाज तेवढा नव्हता.

"हे बघ," तो अस्वलाला म्हणाला, "आतडी तुझी. बरगड्या आमच्या. बायको-मुलं आणायची तर आण, पण आम्ही गेल्यावर."

अस्वलाने विचार केला. मग चारी पायांवर उतरलं आणि ढिगापाशी बसून जेवायला लागलं. आम्ही बरगड्या उचलून, तोंड त्याच्याकडे ठेवून, मागे मागे चालत निघालो. हार्लन तंबूपर्यंत बोलत होता. एवढं सभ्य बोलणं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

ठरल्या दिवशी कोरीन आली नाही, कारण आखातावर धुकं बसलं होतं. मांस खांबावर टांगून वर ताडपत्री घातली होती, हवा थंड होती, काळजी नव्हती. पण कॉफी संपली आणि हार्लनला चैन पडेना. शेवटी त्याने मॅग्नम उचलली. एवढं ओझं वाहिलं, अस्वलापुढे उभं केलं, आणि हिने एकही बार काढला नाही, हे त्याला सहन होत नव्हतं. तळ्याच्या कडेला एक कुजकं खोड होतं. तो एका ओंडक्यावर पालथा पडला, चढाच्या दिशेने नेम धरला आणि दुर्बिणीला डोळा अगदी चिकटवला. वेंडेलने तोंड उघडलं, बहुतेक जरा मागे सरक म्हणायला. उशीर झाला होता.

बार झाला. हार्लनची टोपी एकीकडे गेली आणि तो दुसरीकडे. धक्क्याने मागे आलेल्या दुर्बिणीच्या कडेने त्याच्या भुवईवर सुबक चंद्रकोर कोरली होती आणि त्यातून रक्त नाकावरून ओघळत होतं.

"लागली का?" त्याने विचारलं.

मी खोडाकडे पाहिलं. "खोड सापडत नाहीये," मी म्हटलं.

वेंडेलने त्याला ओंडक्यावर बसवलं, जखम पुसली आणि पट्टी लावली. यंत्राचा पुर्जा बसवावा तितक्या काळजीने. वर्षभराचे टोमणे त्याच्याकडे जमा होते आणि समोर हार्लन पट्टी बांधून बसलेला होता. वेंडेल एवढंच म्हणाला, "छान बसलीय. निशाण राहील थोडं." हार्लनने थँक्यू म्हटलं. मला दोघांना मिठी मारावीशी वाटली, पण त्यांना ते आवडलं नसतं.

दुसऱ्या सकाळी कोरीनचं विमान पाण्यावर उतरलं. ती विमानाच्या तरंगत्या पायावरून काठावर उडी मारून आली, टांगलेल्या मांसाकडे पाहून समाधानाने मान हलवली आणि मग तिला हार्लनच्या कपाळावरची पट्टी दिसली.

"अस्वल?" तिने विचारलं.

हार्लनने वेंडेलकडे पाहिलं.

"मोठं होतं," वेंडेल म्हणाला.

कोरीन जवळ आली, पट्टी उचलून खाली पाहिलं, मग वेंडेलच्या मॅग्नमवरची दुर्बीण पाहिली. "गोल दात होते वाटतं," ती म्हणाली आणि मांस भरायला लागली.

दोन फेऱ्या करायला लागणार होत्या. पहिल्या फेरीत मी आणि मागचे दोन्ही पाय. विमान वर गेलं, तिने एक वळण घेतलं आणि मला खाली काठावर ते दोघं दिसले, एक आडदांड, एक काटकी. दोघंही हात हलवत होते. मीही हलवला. मग कळलं की ते मला नव्हते हलवत. त्यांचं पुन्हा भांडण जुंपलं होतं, आणि हार्लन दोन्ही हातांनी अंतर दाखवत होता.